तुम्ही लिहिता ना?

लेखकांच्या मुलाखती मी भक्तिभावाने वाचते. त्यांत एक प्रश्न हमखास असतो: प्रतिभेचा स्पर्श तुम्हाला कुठे होतो? उत्तरंही ठरलेली. कुणाला पहाटे होतो, कुणाला समुद्रकाठी, कुणाला थेट हिमालयात. मी डोंबिवली पूर्वेला राहते. पहाटे आमच्याकडे पाणी येतं, त्यामुळे त्या वेळी प्रतिभा आलीच तर तिला आधी दोन बादल्या उचलू लागावं लागेल. समुद्र नाही. खाडी आहे, पण ती पश्चिमेला, आणि पूर्वेचा माणूस पश्चिमेला जातो तो एक तर कुणाच्या लग्नाला, नाहीतर स्टेशनच्या पुलावरून चुकीच्या जिन्याने उतरल्यामुळे. निसर्गावर लिहावं म्हटलं तर आमचा निसर्ग एमआयडीसीच्या अखत्यारीत. २०१४ साली इथे हिरवा पाऊस पडला होता आणि २०२० साली एक रस्ता गुलाबी झाला होता. बालकवींच्या काळी हिरवा रंग गवताला असायचा आणि गुलाबी पहाटेला. आमच्याकडे ऋतुवर्णन करायचं म्हणजे आधी प्रयोगशाळेचा अहवाल मागवावा लागतो.

तरी या गावाला लेखकांचं वावडं नाही. पु. भा. भावे इथे राहायचे. शं. ना. नवरे तर पक्के डोंबिवलीकर. २०१७ चं नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्याकडे भरलं तेव्हा साहित्यनगरीला भाव्यांचंच नाव दिलं होतं. तेव्हा इथली हवा प्रतिभेला मानवत नाही, असं म्हणायची सोय नाही. (हवा कुणालाच मानवत नाही, तो प्रश्न वेगळा.) शन्नांच्या कथांतली माणसं वाचताना मला नेहमी वाटायचं, ही माणसं यांना सापडतात कुठे? पुढे कळलं. शोधायला जावं लागत नाही. ती बेल वाजवतात.

माझ्यापुरतं सांगायचं तर प्रतिभा माझ्याकडे जिन्यातून येते. दाराबाहेर चप्पल काढते, आत डोकावते आणि म्हणते, ‘‘तुम्ही लिहिता ना? मग संध्याकाळी सहापर्यंत द्याल का?’’

याची सुरुवात पाण्याच्या टाकीपासून झाली. आमचे सेक्रेटरी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, पण सरकार त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांची सूचना अशी असायची: ‘सर्व सन्माननीय सभासदांना या सूचनेद्वारे कळविण्यात येते की, संस्थेच्या जलकुंभाच्या स्वच्छतेचे काम हाती घेण्याचे योजिले असून, तत्संबंधी सभासदांनी आपापल्या स्तरावर उचित दक्षता घ्यावी.’ हे वाक्य संपेपर्यंत वाचणाऱ्याची लोकल सुटायची. शिवाय उचित दक्षता म्हणजे बादली भरायची, हे कुणाच्या लक्षात येत नसे. परिणामी टाकी धुवायच्या दिवशी अर्धी बिल्डिंग डोक्याला शांपू लावून कोरड्या नळाकडे पाहत उभी.

एकदा अशा शांपूतल्याच एका काकांनी मीटिंगमध्ये माझं नाव सुचवलं. वर्तमानपत्रात माझं वाचकांचं पत्र छापून आलं होतं, ते रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल होतं, आणि तो खड्डा पुढे आपोआप मोठा झाला होता. तेवढ्या पात्रतेवर मी नवी सूचना लिहिली: ‘उद्या टाकी धुणार. आज रात्री पाणी भरून ठेवा. उद्या शेजाऱ्यांकडे मागू नका, त्यांच्याकडेही नसेल.’

सेक्रेटरींनी चष्मा वर-खाली करून कागद पाहिला. ‘‘वहिनी, यात क्रियापदं फार झाली,’’ म्हणाले. ‘‘आणि संस्थेचा मान कुठे राहिला?’’ पण दुसऱ्या दिवशी एकाही मोरीतून हाक आली नाही. लेखन कार्यशाळांमध्ये पैसे भरून शिकवतात की वाचक डोळ्यांपुढे ठेवा. माझा वाचक मला तिथे फुकट भेटला. त्याचा एक पाय चपलेत, हातात डबा, तोंडात बोर्नव्हिटाचा शेवटचा घोट. त्याच्यासाठी लिहायचं तर दुसऱ्या ओळीपर्यंत मुद्दा आला पाहिजे. आजही माझ्या लेखाची पहिली ओळ फार अलंकारिक व्हायला लागली की मला तो माणूस दिसतो, आणि मी अलंकार काढून ठेवते.

त्यानंतर जिना वाहता झाला. बारशाचं आमंत्रण, सत्यनारायणाचं आमंत्रण, शाळेतल्या नातवाचं ‘माझा आवडता नेता’ (‘‘कुठलाही चालेल, पण जयंती जवळ असलेला घ्या’’), गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचं संपादकीय, त्याच उत्सवातलं सूत्रसंचालन, त्याच सूत्रसंचालनात कुणाकुणाचं नाव राहिलं त्याबद्दलचं दिलगिरीचं निवेदन. महिला मंडळासाठी भोंडल्याचं नवं गाणं, ज्यात जुन्या चालीवर पार्किंगचा प्रश्न बसवायचा होता. तो बसला. पार्किंगमध्ये गाड्या अजून बसत नाहीत.

पण खरी परीक्षा उखाण्यांची. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मायलेकी ऑर्डर घेऊन आल्या. एक गृहप्रवेशाचा, एक घास भरवतानाचा, एक सासरच्यांना हसवणारा, आणि एक असा की ऐकून आई रडली पाहिजे. आई समोरच बसली होती. ‘‘मी कशानेही रडते,’’ ती म्हणाली, ‘‘त्याला फार वेळ घालवू नका.’’

मी मुलीला विचारलं, जमलं कसं? तर लोकलमध्ये. तो कल्याणहून बसून यायचा, ही डोंबिवलीला त्याच डब्यात चढायची. एक दिवस त्याने उठून तिला खिडकीची जागा दिली आणि सीएसएमटीपर्यंत उभा राहिला. हिंदी सिनेमात नायक जीव देतो. ते तुलनेने सोपं आहे. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये मिळालेली खिडकी सोडणारा मुलगा पाहिल्यावर तिच्या आईने पत्रिकासुद्धा पाहिली नाही. मग हसवायचा उखाणा आपोआप आला:

कल्याणनंतर ठाकुर्ली, मग डोंबिवली येते,
अमुकरावांना खिडकी देऊन मी चौथी सीट घेते.

मांडवात म्हणे टाळ्या पडल्या. सासूबाई म्हणाल्या, ‘‘मुलगी समजूतदार आहे. याला खिडकी नसली की मळमळतं.’’ पुढे काही महिन्यांनी हाच उखाणा मला नागपूरच्या मावसबहिणीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आला. डोंबिवलीच्या जागी अजनी होतं, चौथी सीट होतीच, आणि खाली गुलाबाच्या फुलासह कुणा तिसऱ्याच बाईंचं नाव. लोकसाहित्य कसं घडतं यावर लोक प्रबंध लिहितात. मला ते घरबसल्या पाहायला मिळालं, आणि त्यात सगळ्यात आधी गळतं ते रचणाऱ्याचं नाव.

इथे मला बहिणाबाई चौधरी आठवतात. बाई लिहायला शिकलेल्या नव्हत्या. शेतात, जात्यावर त्या जे गायच्या ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका मावसभावाने टिपून ठेवलं. त्या गेल्या १९५१ मध्ये. मग ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये पुस्तक झालं. आपल्या आईच्या तोंडून निघणारं टिपून ठेवावं, असं घरातल्या मुलाला वाटणं ही मराठी वाङ्मयातली मोठीच घटना आहे. माझा मुलगा मी तोंड उघडलं की हेडफोन लावतो.

गोष्ट कशी सांगायची हे मात्र मी बिल्डिंगमध्ये शिकले नाही. ते लेडीज डब्यात. नोकरी होती तोवर रोज जाऊन-येऊन अडीच तास मी त्या शाळेत होते, आणि तिथे फी म्हणून फक्त दसऱ्याला डब्याच्या हार-तोरणांची वर्गणी. आमच्या ग्रुपमध्ये भायखळ्याला उतरणारी एक होती. तिच्या सासरी जे काही घडायचं ते कुठल्याही मालिकेच्या तोंडात मारेल असं, पण कसब घडण्यात नव्हतं, सांगण्यात होतं. गोष्ट डोंबिवलीला सुरू व्हायची आणि भायखळ्याच्या आत संपायचीच, कारण सांगणारी उतरणार. घाटकोपरला मेट्रोवाल्या उतरायच्या, म्हणून एक छोटा शेवट त्यांच्यासाठी घाटकोपरच्या आधी. दादरला निम्मा डबा रिकामा, म्हणून मुख्य रहस्यस्फोट कुर्ला आणि दादरच्या मध्ये. क्रमशः लिहिणाऱ्या कादंबरीकारांना प्रकरण कुठे तोडायचं याची चिंता असते. हिला ते रेल्वेने ठरवून दिलं होतं.

आणि पारसिकचा बोगदा! १९१६ पासूनचा, सव्वा किलोमीटरहून लांब. आमच्या फास्ट गाड्या तेव्हा त्यातून जायच्या. गाडी आत शिरली की आवाजाचा असा कल्लोळ की शेजारणीचं ऐकू येत नाही. बाई बरोबर बोगद्याच्या तोंडाशी म्हणायची, ‘‘आणि मग सासू काय म्हणाली माहितीये?’’ पुढे अंधार, खडखडाट, आणि दहा-बारा बायका मेथीची जुडी हातात धरून श्वास रोखून बसलेल्या. बाहेर पडल्यावर सासू जे म्हणालेली असायची ते बहुधा ‘‘मीठ कमी आहे’’ इतकंच असे. पण बोगद्याने त्याचं वजन वाढवलेलं असायचं. नाटकवाले ज्याला पॉज म्हणतात तो मला ब्रिटिशांच्या काळातल्या इंजिनिअरांनी डोंगर फोडून शिकवला.

भाजीचाही गोष्टीवर परिणाम होतो, हे निरीक्षण मी कुठल्याच समीक्षकाच्या लिखाणात वाचलेलं नाही. मटार सोलताना सांगितलेली गोष्ट भरभर पुढे सरकते. मेथी निवडताना ती पानापानाला थांबते. गवार मोडताना सांगितलेल्या गोष्टीत कुणाचं तरी लग्न मोडतंच.

हे सगळं शिक्षण पदरात असूनही माझ्या हातून कथा होत नव्हती. सूचना, उखाणे, निवेदनं झकास. कथा म्हटलं की कागदावर एक हताश स्त्री खिडकीतून पाऊस पाहायला लागायची आणि पाहतच बसायची. तिला तिथून उठवलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या अमृतमहोत्सवाने.

काकांच्या मुलींना मानपत्र हवं होतं. जाड कागदावर, महिरपीत, फ्रेम करून. माहिती घ्यायला मी वही घेऊन गेले. काका रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. जन्म, शिक्षण, नोकरी, लग्न, निवृत्ती, एवढं त्यांनी एका दमात सांगितलं आणि थांबले.

‘‘आयुष्यात काही विशेष प्रसंग?’’

‘‘नाही. टाळले.’’

मानपत्र म्हणजे निदान दोन परिच्छेद लागतात. मी हवालदिल. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, ‘‘अहो, डायऱ्या दाखवा ना त्यांना.’’

माळ्यावरून ट्रंक निघाली. बँकांनी, इन्शुरन्सवाल्यांनी फुकट दिलेल्या डायऱ्या, लग्नाच्या वर्षापासूनच्या, एकही साल न चुकवता. रोजची नोंद: दूध, कांदा, विजेच्या मीटरचं रीडिंग, गॅस लावला ती तारीख. मन, भावना, चिंतन वगैरे काही नाही. थोरल्या मुलीच्या जन्माच्या दिवशी लिहिलं होतं, ‘मुलगी. वजन ठीक. पेढे २ किलो.’ धाकटीच्या वेळी ‘मुलगी. पेढे १।। किलो (भाव वाढला).’ धाकटी अजून त्या अर्ध्या किलोबद्दल बोलते.

मग मी मुद्दाम २६ जुलै २००५ काढून पाहिला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. गाड्या जागच्या जागी थांबल्या, माणसं रात्रभर रुळांवरून, रस्त्यांवरून चालत होती. त्यावर लेख आले, कविता आल्या, पुरवण्या आल्या. काकांच्या डायरीत २६ तारखेला लिहिलं होतं, ‘पाऊस. कुर्ल्याला गाडी थांबली. नोंद उद्या.’ आणि २७ ला, ‘चालत आलो. बूट गेले. कांदा नाही.’

कुर्ला ते डोंबिवली हे अंतर तीस किलोमीटरच्या वर आहे.

‘‘संध्याकाळी आले,’’ काकू हात पुसत बाहेर येऊन म्हणाल्या. ‘‘अनवाणी. मी दार उघडलं तर म्हणाले, दूध घेतलंस का? मी म्हटलं, गावात दूध नाही, तुम्ही आधी आत या.’’ आणि मग काकूंनी ती रात्र सांगितली. काकांनी ती कधीच ऐकली नव्हती, कारण कधी विचारलंच नव्हतं. लाइट गेलेले, फोन बंद. ज्यांच्या ज्यांच्या घरचं माणूस यायचं होतं त्या सगळ्या येऊन जिन्यात बसल्या, घरात एकटीला बसवेना म्हणून. तळमजल्यात पाणी शिरत होतं, तर तिथल्या आजी गॅसची शेगडी घेऊन पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये आल्या आणि त्यांनी सगळ्यांना पुरेल एवढं पिठलं टाकलं. एरवी ज्या दोन बायका गॅलरीतल्या धुण्यावरून वर्षभर बोलत नव्हत्या, त्यांनी एका ताटलीत खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अबोला, पण तो जरा सैल. सेक्रेटरी (तेव्हाही हेच होते) मेणबत्ती आणि सभासदांची यादी घेऊन दर तासाला जिना उतरत-चढत होते. कोण आलं, त्यावर बरोबरची खूण. कोण नाही, त्यापुढे मोकळी चौकट. ‘‘पहाटे चारला,’’ काकू म्हणाल्या, ‘‘ते माझ्याजवळ आले. म्हणाले, वहिनी, आपल्या चौकटी आता फक्त पाचच राहिल्यात. आणि स्वतःच खाली बसले.’’

मानपत्र मी लिहिलं. महिरपीतलं लिहायचं तसंच, कर्तव्यदक्ष, मितभाषी, कुटुंबवत्सल. काकांनी ते वाचून एकच हरकत घेतली, ‘‘रीडिंगचा उल्लेख नाही.’’ पण त्या रात्री घरी येऊन मी जिन्यावरची गोष्ट लिहायला बसले, आणि खिडकीतली ती हताश स्त्री पहिल्यांदाच उठून शेगडीपाशी गेली.

कथा लिहून झाली म्हणजे छापून येते असं नाही. त्याला ओळख लागते, आणि माझी ओळख आमच्या फरसाणवाल्याशी होती. त्याच्या दुकानाच्या फळ्यावरचा मजकूर मीच लिहायचे. ‘आज उकडीचे मोदक. उद्या विचारू नका.’ या एका ओळीवर त्याचे मोदक दुपारी संपायचे आणि उद्या लोक मुद्दाम विचारायला यायचे. तो दरवर्षी एका दिवाळी अंकाला जाहिरात देई. त्या वर्षी जाहिरात मागायला माणूस आला तेव्हा फरसाणवाला म्हणाला, ‘‘अर्धं पान देतो. पण आमच्या ताईंची गोष्ट वाचून बघायला सांगा साहेबांना.’’

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लावली. माझ्या बाबतीत फराळ आधी आला. आठवड्याने संपादकांचा फोन. कथा आवडली, अगदी आतून आलेली आहे, मात्र दोन पानं कमी कराल का? मी विचारलं, कुठे पसरट झालीय का? ‘‘छे छे,’’ ते म्हणाले, ‘‘जाहिरात पूर्ण पानाची झालीय.’’ अशा रीतीने जिन्यातले दोन प्रसंग भाजणीच्या चकलीला जागा देण्यासाठी गेले. मानधन म्हणून अंकाच्या दोन प्रती आणि हार्दिक शुभेच्छा. फरसाणवाल्याने मात्र अर्धा किलो चकली दिली, वर म्हणाला, ‘‘ताई, तुमची गोष्ट आमच्या समोरच्याच पानावर आहे हं. चांगली जागा मिळाली तुम्हाला.’’

अंक बिल्डिंगभर फिरला. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ १९४९ चं. त्यातली बरीचशी माणसं पुस्तकांच्या वाटेला न जाणारी, आणि लेखकाला याचं केवढं सुख असतं ते मला त्या दिवाळीत समजलं. माझी माणसं सगळी वाचतात, पेन घेऊन वाचतात. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून काका आले, हातात अंक आणि २००५ ची डायरी. मी जरा घाबरले. त्यांचं रात्रीचं चालणं, अनवाणी पाय, दारातला तो दुधाचा प्रश्न, सगळं मी घातलं होतं. काकांनी चष्मा लावला. ‘‘दुसरं पान, खालून चौथी ओळ. तुम्ही लिहिलंय, त्या आठवड्यात कांदा परवडत नव्हता. चूक. परवडत होता, मिळत नव्हता.’’ डायरीतलं पान माझ्यापुढे धरून ते उभे राहिले. मी दुरुस्ती मान्य केली. बाकी कथेबद्दल ते काही बोलले नाहीत. काकूंनी मात्र अंकाच्या पाच प्रती विकत घेतल्याचं मला पेपरवाल्याकडून कळलं.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी दुसऱ्या दिवशी आल्या. ‘‘आमचे हेही चालत आले होते बरं का त्या रात्री.’’ मी विचारलं, कुठून? तर घाटकोपरहून. मग? ‘‘मग काय, मुलुंडला त्यांना टेम्पो मिळाला. म्हणून कथा झाली नाही.’’ असं म्हणताना त्यांच्या आवाजात त्या टेम्पोबद्दलची नाराजी होती. कथेत मी एक चौकस बाईही घातली होती, संकटातसुद्धा कोण कुणाशेजारी बसलंय याची नोंद ठेवणारी. वहिनी कुजबुजत म्हणाल्या, ‘‘ती समोरच्या विंगमधलीच ना? बरं केलंत, कुणीतरी सांगायलाच हवं होतं.’’ संध्याकाळी समोरच्या विंगमधल्या बाई आल्या आणि पहिल्या मजल्याकडे बोट दाखवून हेच म्हणाल्या. ही बाई मुळात कोण होती हे मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. मला त्याच जिन्यातून पाणी चढवायचं असतं.

तेव्हापासून एक अडचण झालीय. माणसं माझ्यासमोर जरा सावरून बोलतात. म्हणजे कमी बोलतात असं नाही, छापण्यालायक बोलतात. भाजीवाल्याशी साधी घासाघीस चालली असेल आणि मी दिसले तर घासाघिशीत एकदम संवादफेक येते. ‘‘हे लिहू नका हं,’’ असं सांगून लोक दीड तास बोलतात आणि उठताना ‘‘नाव बदललंत तर चालेल’’ असं सुचवतात. मला विषय देणारे तर पुष्कळ. बहुतेकांच्या विषयात शेवटी एकच खलनायक निघतो आणि त्याची गाडी त्यांच्या गाडीसमोर लावलेली असते.

आता बिल्डिंग पुनर्विकासाला चालली आहे. छताचा गिलावा अंगावर पडायला लागला, बिल्डर आले, कार्पेट, कॉर्पस, भाडं या शब्दांवर मीटिंगा रात्री बारापर्यंत चालल्या. (त्यातली एक मीटिंग मी जशीच्या तशी एकांकिका म्हणून लिहून काढली. परीक्षक म्हणाले, पात्रं अतिरंजित आहेत.) पुढची काही वर्षं कोण पलाव्याला, कोण बदलापूरला, कोण मुलीकडे पुण्याला. त्यामुळे माझ्याकडे ऑर्डरी एकदम वाढल्यात. वेगळं होण्याआधी सगळ्यांना आपापलं काहीतरी लिहून हवं आहे. कुणाला आईवर चार ओळी, कुणाला गॅलरीतल्या तुळशीवर, एका आजोबांना बिल्डरला शिव्या, पण शुद्ध मराठीत. खरं तर यातल्या निम्म्यांना मी हे आयुष्यभर फुकट देत आले. पण यांच्याकडून मी काय काय उचललं त्याचं बिल त्यांनी लावलं तर मला फ्लॅट विकावा लागेल, म्हणून गप्प आहे.

परवा दुपारी सेक्रेटरी आले. चप्पल काढली, फाइल काढली. ‘‘वहिनी, एक मसुदा हवा होता.’’

‘‘स्थलांतराची सूचना?’’

‘‘नाही. श्रद्धांजली.’’

मी हातातलं टाकून उभी राहिले. ‘‘कोण गेलं?’’

‘‘कुणी नाही. माझी. आयत्या वेळी लोक वाटेल ते बोलतात. तळमजल्यावरच्या आजींच्या वेळी पाहिलं ना तुम्ही, कोणी पिठल्याचा उल्लेखसुद्धा केला नाही. आधी वाचून घेतलेलं बरं. दुरुस्त्या करता येतात.’’

मी रात्री लिहून दिलं. त्यात ती मेणबत्ती घातली, यादी घातली, पहाटे चारच्या पाच चौकटी घातल्या. सकाळी मसुदा लाल शाईने परत आला. ‘कडक शिस्तीचे’ याच्या जागी ‘नियमांचे अभ्यासक’. ‘आपल्याला पोरके करून गेले’ हे खोडलेलं, समासात शेरा: ‘संस्था पोरकी होत नाही. उपविधीत तरतूद आहे.’ मेणबत्तीच्या परिच्छेदाला मात्र हात लावला नव्हता. फक्त शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मेणबत्तीचा खर्च संस्थेकडे लावलेला नाही, याची नोंद घ्यावी.’

‘‘तारखेची जागा मोकळी सोडलीय,’’ मी म्हटलं.

‘‘ते बरोबर आहे. घाई काही नाही,’’ फाइल बंद करत ते म्हणाले. ‘‘पण अंतिम प्रत पुनर्विकासाच्या आत द्या. नंतर फाइल कुठल्या कपाटात असेल, सांगता येत नाही.’’